गौरवाची नोंद आणि लेखनाची नोंद : पत्रकारांच्या जीवनगौरव पुरस्काराचे अभिलेख व बीड जिल्हा

प्रस्तावना

मराठी वृत्तपत्रसृष्टीचा आरंभ ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'ने झाला. हा दिवस महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने गावोगावी ज्येष्ठ पत्रकारांचे सत्कार होतात. शाल, श्रीफळ, मानपत्र दिले जाते, भाषणे होतात आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकात छायाचित्र येते. सत्कारमूर्तीने पस्तीस-चाळीस वर्षे जे लिहिले ते कोठे आहे, हा प्रश्न मात्र त्या सभागृहात सहसा कोणी विचारत नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाला हा प्रश्न टाळता येत नाही. महाराष्ट्र शासनाच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयामार्फत दिला जाणारा 'लोकमान्य टिळक पत्रकारिता जीवनगौरव पुरस्कार' हा राज्यातील या स्वरूपाचा प्रमुख शासकीय सन्मान होय. अशा पुरस्कारामागे कागदपत्रांची एक मालिका उभी राहते. या मालिकेत पत्रकाराच्या जीवनकार्यापैकी नेमके काय उरते आणि काय गळून पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात बीड जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) जीवनगौरव पुरस्काराच्या अभिलेखांचे ऐतिहासिक साधन म्हणून स्वरूप व मर्यादा तपासणे.
२) वृत्तपत्रांविषयी राज्यसंस्थेने ठेवलेल्या जुन्या नोंदींशी त्यांची तुलना करणे.
३) बीडसारख्या जिल्ह्यातील पत्रकारितेच्या साधनांची स्थिती पाहून जतनाच्या दिशा सुचविणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

पुरस्कारांची नावे : एक नकाशा

शासनाच्या पत्रकारिता पुरस्कारांची नावे हाच एक अभिलेख आहे. राज्यस्तरावर मराठीसाठी बाळशास्त्री जांभेकर, हिंदीसाठी बाबूराव विष्णू पराडकर, उर्दूसाठी मौलाना अबुल कलाम आझाद आणि इंग्रजीसाठी अनंत गोपाळ शेवडे यांची नावे आहेत. विभागीय पुरस्कारांत मुंबईसाठी आचार्य अत्रे, पुण्यासाठी नानासाहेब परुळेकर, कोकणासाठी शि. म. परांजपे, कोल्हापूरसाठी ग. गो. जाधव, नाशिकसाठी दादासाहेब पोतनीस, अमरावतीसाठी लोकनायक बापूजी अणे आणि नागपूरसाठी ग. त्र्यं. माडखोलकर यांची नावे येतात. मराठवाड्याच्या वाट्याला अनंतराव भालेराव यांचे नाव आले. बीडचा पत्रकार विभागीय पुरस्कारास पात्र ठरतो तो याच नावाने.

या यादीकडे इतिहासाचा विद्यार्थी दोन प्रकारे पाहू शकतो. एक म्हणजे, भाषा आणि प्रदेश यांची रीतसर दखल घेणारी ही रचना आहे. उर्दूला मिळालेले स्वतंत्र स्थान तर बीडसारख्या निजामी राजवटीतून आलेल्या जिल्ह्याला विशेष अर्थपूर्ण आहे. दुसरे म्हणजे, वर उल्लेखिलेल्या नावांत एकही स्त्री नाही. 'दीनबंधु'चे संपादकपद १९०८ पासून काही वर्षे सांभाळणाऱ्या तानुबाई बिर्जे या यादीत येत नाहीत. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नावही या नामावलीत नाही. यामागे कोणाचा हेतू होता असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु गौरवाची परंपरा कोणत्या वाटेने चालत आली, हे तीवरून कळते.

वार्षिक पुरस्कार आणि जीवनगौरव : कागदपत्रांतील भेद

वार्षिक उत्कृष्ट पत्रकारिता पुरस्कारासाठी त्या त्या वर्षात प्रसिद्ध झालेल्या लेखनाची कात्रणे प्रवेशिकेसोबत जोडावी लागतात. म्हणजे नस्तीत प्रत्यक्ष लेखन येते. शीर्षक, दिनांक, वृत्तपत्राचे नाव यांसह काही मजकूर तरी तेथे पोहोचतो.

जीवनगौरवाचे तसे नाही. तो एका लेखमालेसाठी नव्हे, तर संपूर्ण कारकीर्दीसाठी दिला जातो. चाळीस वर्षांची कात्रणे कोणी जोडू शकत नाही आणि तशी अपेक्षाही रास्त नाही. साहजिकच अशा नस्तीचा भर परिचय, शिफारस, निवड समितीचे इतिवृत्त आणि मानपत्राचा मसुदा यांवर राहतो. ही सर्व लेखनाविषयीची विधाने आहेत, लेखन नव्हे. ज्याचा सन्मान सर्वांत मोठा, त्याच्याच नस्तीत त्याचे शब्द सर्वांत कमी, अशी ही विसंगती आहे.

शिवाय मानपत्राची भाषा ठरलेली असते. 'निर्भीड', 'निःपक्षपाती', 'व्रतस्थ', 'सामान्यांचा आवाज' ही विशेषणे एका मानपत्रातून दुसऱ्यात सहज जातात. कोणत्या प्रश्नावर निर्भीड आणि कोणासमोर निर्भीड, हे त्यांतून कळत नाही. मानपत्र हे आदराचे प्रामाणिक साधन असेल. पण केवळ तेवढ्यावर चरित्र लिहिणे म्हणजे शिलालेखातील बिरुदावलीवरून राज्यकारभाराचा इतिहास लिहिण्यासारखे आहे.

संशयाचे दप्तर

याच्या उलट टोकाला जुन्या राज्यसंस्थेचे संशयाचे दप्तर आहे. ज्या लोकमान्यांचे नाव या पुरस्काराला दिले, त्यांच्या पत्रकारितेची सर्वांत काटेकोर शासकीय नोंद खटल्यांच्या निमित्ताने झाली. १५ जून १८९७ च्या 'केसरी'तील मजकुरावरून त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. १९०८ मध्ये 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे अग्रलेख न्यायालयासमोर आले. त्यांच्या भाषांतराच्या अचूकतेवरून टिळकांनी सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी केली. एकेका शब्दाच्या अर्थच्छटेवर न्यायालयात वाद झाला आणि सहा वर्षांची शिक्षा होऊन टिळक मंडालेस गेले. ज्या सरकारने शिक्षा दिली, त्याच सरकारने तो मजकूर पुरावा म्हणून जपला.

मुंबई सरकार १८६८ पासून देशी वृत्तपत्रांतील मजकुराचे इंग्रजी सारांश साप्ताहिक अहवालांच्या रूपाने तयार करीत असे. हेतू पाळतीचा होता. ज्या छोट्या पत्रांचा एकही अंक आज हाती लागत नाही, त्यांच्या मजकुराचा अंश या अहवालांतून अभ्यासकांना मिळतो. भाषांतर पक्षपाती असू शकते, निवड हेतुपूर्वक असू शकते. तरीही त्यात दिनांक आहे, पत्राचे नाव आहे आणि लिहिलेल्या गोष्टीचा आशय आहे. संशयाने लेखन जपले, गौरवाने व्यक्तीचे नाव जपले, असा हा भेद आहे. इतिहासाला या दोन्हींची गरज असते.

बीड : तीन राजवटींची कागदपत्रे

बीड जिल्ह्याच्या बाबतीत हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यानंतर तो हैदराबाद राज्यात, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आला. १९४५ च्या सुमारास लेखणी हाती घेतलेल्या आणि १९८५ च्या सुमारास ती खाली ठेवलेल्या पत्रकाराची कारकीर्द कल्पनेने डोळ्यांसमोर आणली, तर तिच्या शासकीय खुणा हैदराबादच्या दप्तरात, मुंबईच्या अभिलेखागारात आणि जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात विखुरलेल्या सापडतील. त्यांतील निजामकालीन कागद मुख्यतः उर्दूत आहेत. उर्दू न वाचणारा मराठी संशोधक त्या दारापाशीच थांबतो.

वृत्तपत्रे व मुद्रणालयांच्या नोंदणीचा १८६७ चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा होता, संस्थानचा नव्हे. त्यामुळे मुंबई इलाख्यात नोंदणीतून जी साधने निर्माण झाली, ती बीडसाठी त्या काळात निर्माण झाली नाहीत. संस्थानी प्रजेची मराठी पत्रकारिता पुष्कळदा संस्थानाबाहेर उभी राहिली. आ. कृ. वाघमारे यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याहून 'मराठवाडा' काढला. निजाम सरकारने बंदी घातली की पत्र दुसऱ्या नावाने निघे. अशा पत्राचा इतिहास लिहिताना नावांची साखळी जुळविणे हेच पहिले काम ठरते आणि त्यासाठी बंदीचे हुकूम उपयोगी पडतात. गौरवपत्रात याचा उल्लेख 'अनेक संकटांना तोंड दिले' एवढ्यावर आटोपतो.

जीवनगौरवाच्या कल्पनेचीही येथे एक मर्यादा दिसते. हैदराबादच्या 'इमरोज' या उर्दू पत्राचे संपादक शोएबुल्लाखान यांनी रझाकारांविरुद्ध व भारतात विलीनीकरणाच्या बाजूने लिहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची हत्या झाली. त्यांनी तिशीही गाठली नव्हती. दीर्घायुष्य हा ज्या सन्मानाचा अप्रत्यक्ष निकष आहे, त्याच्या नोंदीत असे जीवन येऊच शकत नाही.

मतभेदांची नोंद

अनंतराव भालेराव हे मुक्तिसंग्रामातील कार्यकर्ते, 'मराठवाडा'चे दीर्घकाळचे संपादक आणि 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' या महत्त्वाच्या ग्रंथाचे लेखक. प्रादेशिक पत्रकारितेला त्यांनी दिलेली प्रतिष्ठा निर्विवाद आहे. त्याचबरोबर १९७८ मध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केल्यानंतर त्यांच्या दैनिकाने जी विरोधी भूमिका घेतली, तिच्यावर दलित चळवळीतून तीव्र टीका झाली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंत हा प्रश्न मराठवाड्याच्या समाजजीवनात धगधगत राहिला. पुरस्काराला दिलेल्या नावात यातले काही दिसत नाही आणि दिसावे अशी अपेक्षाही नाही. परंतु त्या काळातील अंक उपलब्ध असतील तरच अभ्यासकाला दोन्ही बाजू त्यांच्याच शब्दांत वाचता येतील. अंक नाहीसे झाले की एका बाजूला केवळ गौरव आणि दुसऱ्या बाजूला केवळ आरोप उरतो.

जिल्हा दैनिकांचा प्रश्न

बीड शहरातून 'झुंजार नेता', 'चंपावतीपत्र', 'लोकप्रश्न', 'पार्श्वभूमी' यांसारखी दैनिके निघाली. १९७२ चा दुष्काळ, दरवर्षीचे ऊसतोड कामगारांचे स्थलांतर, रोजगार हमीची कामे, २०११ च्या जनगणनेत ० ते ६ वयोगटातील लिंग गुणोत्तर ८०७ पर्यंत घसरल्याची नोंद, २०१९ मध्ये ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा ऐरणीवर आलेला प्रश्न, हा या जिल्ह्याचा समकालीन इतिहास आहे. राजधानीच्या वृत्तपत्रांत तो अधूनमधून येतो; जिल्हा दैनिकांत त्याचे दैनंदिन तपशील असतात. कोणत्या तांड्यावरून किती कोयते गेले, कोणत्या गावी टँकर आला नाही, ही माहिती दुसऱ्या कोणत्याही साधनात क्वचितच सापडते.

१९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्याच्या कक्षेत १९५६ च्या दुरुस्तीने वृत्तपत्रेही आली आणि कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ग्रंथालयांकडे प्रती पाठविणे आवश्यक ठरले. पण तालुक्याच्या साप्ताहिकाचा प्रत्येक अंक तेथे पोहोचला असेल, असे गृहीत धरता येत नाही. गावातील अंकाचा प्रवास बहुधा रद्दीकडे होतो.

हा केवळ अभ्यासकाच्या सोयीचा प्रश्न नाही. राज्य शासनाने २०१९ मध्ये आचार्य बाळशास्त्री जांभेकर यांच्या नावाने ज्येष्ठ पत्रकारांसाठी सन्मान योजना सुरू केली. तिच्यात दरमहा ११,००० रुपये देण्याची तरतूद होती. पुढे ही रक्कम २०,००० रुपये करण्यात आली. योजना सुरू होताना ६० वर्षे वय आणि ३० वर्षांचा अनुभव अशी अट होती. ग्रामीण वार्ताहराकडे नियुक्तिपत्र नसते, पगारपत्रक नसते. पुष्कळदा जाहिरातीच्या कमिशनवरच त्याचा निर्वाह चाललेला असतो. आपण तीस वर्षे हे काम केले, याचा त्याच्याजवळचा खरा पुरावा म्हणजे नाव छापलेले अंक. ते अंक नाहीसे झाले की जन्मभराचे काम कागदावर सिद्ध करणे अवघड होते. येथे अभिलेखाचा अभाव थेट वृद्धापकाळच्या भाकरीशी येऊन भिडतो.

नस्तीचे आयुष्य

शासकीय अभिलेखांचे वर्गीकरण अ, ब, क, क-१ व ड असे केले जाते. 'अ' वर्ग कायम जतनाचा, 'ब' ३० वर्षांचा आणि 'क' १० वर्षांचा असतो. पुरस्काराची नस्ती नित्याचे प्रशासकीय काम समजून 'क' वर्गात गेली, तर जीवनगौरवाचे कागद गौरवमूर्तीच्या आधीच संपुष्टात येऊ शकतात. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ मुळे जतनाला कायद्याचा आधार मिळाला असला, तरी वर्ग ठरविताना नस्तीचे ऐतिहासिक मूल्य कोणीतरी ओळखावे लागते.

आणखी एका बदलाची नोंद घ्यावयास हवी. १८६७ च्या कायद्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली आणि १ मार्च २०२४ पासून तो अमलात आला. प्रकाशक व मुद्रक यांनी जिल्हादंडाधिकाऱ्यासमोर घोषणापत्र करण्याची जुनी पद्धत संपली. म्हणजेच जिल्हा कार्यालयांतील घोषणापत्रांची मालिका आता बंद झालेली मालिका आहे. कोणते पत्र कोणी, कोठून, कोणत्या छापखान्यात सुरू केले, हे सांगणारे ते मूळ साधन होय. कामकाजाला निरुपयोगी ठरलेले कागद प्रथम नष्ट होतात, हा सर्वत्रचा अनुभव आहे.

निष्कर्ष

१) जीवनगौरव पुरस्काराचे अभिलेख हे समाज व शासन कोणाला आदर्श मानतात याचे चांगले साधन आहे, पत्रकाराच्या लेखनाचे साधन म्हणून ते अपुरे आहे.
२) जुन्या राजवटींच्या पाळतीच्या नोंदींत लेखनाचा आशय अधिक प्रमाणात टिकला. लोकशाहीतील गौरवाच्या नोंदीने त्या बाबतीत मागे राहू नये.
३) जीवनगौरव देताना निवडक पंचवीस-तीस लेख, त्यांच्या दिनांकांसह, नस्तीला जोडून त्यांची एक प्रत अभिलेखागारात ठेवावी आणि अशा नस्तीला 'अ' वर्ग द्यावा.
४) घोषणापत्रांची जिल्हानिहाय मालिका कायम जतनासाठी अभिलेखागाराकडे सोपवावी.
५) जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी स्थानिक दैनिकांच्या अंकांची सूची, छायांकन आणि ज्येष्ठ वार्ताहरांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती हे काम हाती घ्यावे. त्याला मोठा निधी लागत नाही, सातत्य लागते.

शेवटी एवढेच नमूद करावेसे वाटते की, हे काम प्रथम आपल्या ग्रंथालयापासून सुरू होऊ शकते. वर्षअखेरीस वाचन कक्षातील स्थानिक वृत्तपत्रांची रद्दी विकण्याचा ठराव बहुतेक महाविद्यालयांत होतो. त्या ठरावातून जिल्हा दैनिकांचा एक संच वगळून तो बांधून ठेवला, तर पुढील पिढीतील अभ्यासकाला मानपत्रातील 'निर्भीड' या शब्दाची शहानिशा करता येईल. ज्याच्या खांद्यावर आपण शाल घालतो, त्याचे शब्दही आपण सांभाळले पाहिजेत.