बेंजोची तार
मिरवणुकीत माणसं नाचतात ढोल-ताशावर, पण गाणं ओळखतात बेंजोवर. अमेरिकेतला बेंजो वेगळा, चामडं मढवलेला, लांब दांडीचा. आमचा म्हणजे बुलबुल तरंग. आडवी लाकडी पेटी, टाइपरायटरसारखी बटणं आणि पोलादी तारा. त्याचा पूर्वज जपानी. 1912 साली, तैशो राजवट सुरू झाली त्याच वर्षी, नागोयाच्या गोरो मोरिता यांनी तैशोगोतो बनवलं. बटण दाबलं की तार खालच्या पडद्यावर टेकते, आणि बटणांवर चक्क आकडे! शिकवणीशिवाय कुणालाही गाणं काढता यावं, असा तो बेत. तेच बलुचिस्तानात बेंजू झालं आणि आमच्याकडे बेंजो.

बोटांची मेहनत बटणांनी वाचवली. तार लावायला मात्र कान लागतोच, आणि आमची सगळी शिकवणी तिथेच झाली. मास्तर हार्मोनियमवर काळी एक धरून बसत. जुनी तार आधी खुंटीवरून सैल करायची; ताणलेली कापली तर टोक थेट तोंडावर येतं. नव्या तारेचा फासा खिळ्यात अडकवायचा, दुसरं टोक खुंटीवर तीन-चार वेढे देऊन चढवायचं. मग मधोमध बोटाने उचलून ओढायची. ती उतरते. पुन्हा चढवायची, पुन्हा ओढायची, ठरेपर्यंत. गाण्याच्या तारा एकाच सुरात हव्यात. केसाएवढा फरक राहिला तरी आवाज हेलकावे खातो. खुंटी फिरवत गेलं की हेलकावा मंदावतो आणि थांबतो. त्यानंतर षड्ज-पंचमाच्या तारा. शेवटी एकेक बटण दाबून पाहायचं. मोकळी तार सुरात आणि बटणाखाली चढी बोलत असेल, तर घोडी उंच आहे. तिथे खुंटी पिळणारे पुष्कळ पाहिलेत. उगाच तार तुटते.

पुढे बेंजोला पिकअप लागला आणि कर्णे आले. चुंबकाला पितळ कळत नाही, त्यामुळे तार पोलादाचीच हवी. घरात खपणारा बेसूर आता गल्लीभर ऐकू जातो. त्यात विसर्जनाचा दिवस: उन्हात पोलाद तापून तार उतरते, रात्री गारव्याला चढते. सिग्नलला गाडी थांबली की आमचा हात खुंटीवर.

2016 साली रवी जाधव यांचा 'बँजो' सिनेमा आला, त्यानंतर शिकायला येणारी पोरं वाढली. ती क्लिपचा ट्यूनर लावतात. लावू द्या, ताशाच्या दणक्यात तो माझ्या कानापेक्षा बरा. फक्त घोडी उंच असली तर कानस अजून माझ्याकडेच मागतात.