उष्णता आणि वीज यांची फारकत : महाराष्ट्रातील सहवीजनिर्मितीचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

जुन्या पद्धतीच्या चुलीला वैल असतो. वैलाला स्वतःचे सरपण नसते. मुख्य चुलीतून सुटलेली धग त्याच्या पोटात शिरते आणि तेवढ्यावर आमटी उकळते किंवा दूध मंद तापत राहते. जुलै २०२१ मधील दरडीमुळे ज्याचे नाव राज्यभर पोहोचले ते महाड तालुक्यातील तळीये असो की पोलादपूरकडील डोंगरउतारावरच्या वाड्या असोत, सरपण डोक्यावरून आणावे लागणाऱ्या घरात वाया जाणाऱ्या धगीचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

हेच तत्त्व औद्योगिक क्षेत्रात 'सहवीजनिर्मिती' या नावाने ओळखले जाते. येथे बॉयलरमधील उच्च दाबाची वाफ प्रथम टर्बाईन फिरवते. दाब उतरल्यानंतरही तिच्यात भरपूर उष्णता शिल्लक असते. त्या उष्णतेवर रस आटवता येतो, कापड वाळवता येते, रसायनांच्या पात्रांना ताप देता येतो. केवळ वीज निर्माण करणाऱ्या सर्वसाधारण औष्णिक केंद्रात इंधनातील सुमारे एक तृतीयांश ऊर्जेचीच वीज होते आणि उरलेली बहुतांश उष्णता थंड करणाऱ्या पाण्याबरोबर व धुरांड्यातून निघून जाते. सहवीजनिर्मितीत इंधनाचा एकूण उपयोग ७० ते ८० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. न्यूयॉर्क येथे १८८२ मध्ये सुरू झालेल्या एडिसनच्या पर्ल स्ट्रीट केंद्रातून विजेबरोबर आसपासच्या इमारतींना वाफही पुरवली जात असे. म्हणजे ही कल्पना विद्युत उद्योगाइतकीच जुनी आहे. मग महाराष्ट्रात तिला शतकभर थांबावे का लागले, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी आजच्या रायगड जिल्ह्याच्या इतिहासात सापडते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

गिरणी आणि जलविद्युत

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभ्या राहिलेल्या मुंबईच्या कापडगिरण्यांत शक्ती आणि उष्णता एकाच बॉयलरगृहातून मिळत असे. वाफेचे इंजिन मुख्य दंड फिरवी. त्याच बॉयलरची वाफ सुताला खळ देण्यासाठी, धुलाईसाठी आणि रंगाईसाठी वापरली जाई. काटेकोर अर्थाने ही सहवीजनिर्मिती नव्हे, कारण इंजिनातून बाहेर पडणारी वाफ बहुधा थंड करून तिचे पाणीच केले जाई. तथापि दोन्ही गरजा एका छपराखाली होत्या आणि त्यांची सांगड घालणे पुढची स्वाभाविक पायरी ठरली असती.

ती पायरी आली नाही, कारण सह्याद्रीवरून वीज आली. १९१० मध्ये स्थापन झालेल्या टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनीने लोणावळा परिसरात तलाव बांधून ते पाणी घाटाखाली खोपोलीला उतरवले. १९१५ पासून ती वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही केंद्रे सुरू झाली. तिन्ही केंद्रे तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील. भिऱ्याला पाणी पुरवणाऱ्या मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळातील शेतकऱ्यांनी दिलेला लढा (१९२१-२४) सुपरिचित आहे. त्याची एक बाजू मात्र फारशी चर्चिली जात नाही. मावळच्या जमिनी बुडवून आलेल्या विजेने गिरणीतील इंजिन घालवले, बॉयलर घालवला नाही. रंगाईला उष्णता लागतच होती. कोळसा आता फक्त तापवण्यासाठी जळू लागला आणि शक्ती तारेवरून येऊ लागली. फारकत झाली ती येथे. कोळशाचा धूर व खर्च कमी झाला, हा लाभ खराच. पण उष्णता आणि वीज या दोन वेगळ्या वस्तू आहेत, ही समजूतही त्याच काळात उद्योगांत रुजली.

साखर कारखान्यांतील पुनर्मीलन

फारकत झाली नाही असा एक उद्योग राहिला, तो साखरेचा. धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याने १९५०-५१ मध्ये पहिला गळीत हंगाम घेतला. साखर कारखान्याचे इंधन घरचेच असते. एक टन ऊस गाळल्यावर सुमारे २८० ते ३०० किलो बगॅस उरते. तिच्यावर बॉयलर पेटतो, वाफ टर्बाईन फिरवते आणि तीच उतरत्या दाबाची वाफ रस आटवते. तत्त्वतः ही अस्सल सहवीजनिर्मिती होय. परंतु जादा वीज घेणारा कोणी नसल्याने ती वाढवण्यात स्वारस्य नव्हते. उलट बगॅसचे ढीग साचू नयेत म्हणून कमी दाबाचे, भरपूर जळण खाणारे बॉयलरच सोयीचे वाटत. काटकसर केली तर चोथा कोठे टाकायचा, असा तो उलटा हिशेब होता!

हा हिशेब बदलला तो तंत्रज्ञानापेक्षा खरेदीदारामुळे. १९९० च्या दशकात केंद्र शासनाने बगॅसवरील सहवीजनिर्मितीचा कार्यक्रम हाती घेतला. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २००२ मध्ये अशा विजेच्या खरेदीबाबत आदेश दिला, २००३ च्या विद्युत कायद्यातील कलम ८६(१)(ई) ने सहवीजनिर्मितीला प्रोत्साहन देणे हे राज्य आयोगांचे कर्तव्य ठरवले, आणि २००८ च्या राज्य धोरणात १००० मेगावॉटचे उद्दिष्ट आले. पूर्वीच्या सुमारे २१ किलो दाबाच्या बॉयलरऐवजी ६७, ८७ आणि पुढे ११० किलो दाबाचे बॉयलर बसू लागले. अशा दाबावर टनभर उसामागे शंभरहून अधिक युनिट वीज मिळू शकते. हंगाम संपला की मात्र रस नाही आणि उष्णतेला गिऱ्हाईकही नाही. त्या महिन्यांत साठवलेल्या बगॅसवर चालणारा प्रकल्प साध्या औष्णिक केंद्रासारखाच होतो.

शब्दाचा अर्थ आणि वाफेचा शेजार

कायद्यातील 'सहवीजनिर्मिती' या एका शब्दावर पुढे मोठा वाद झाला. कल्याणजवळील शहाडच्या सेंच्युरी रेयॉन या कारखान्याच्या प्रकरणात विद्युत अपील न्यायाधिकरणाने एप्रिल २०१० मध्ये असे ठरवले की, इंधन कोणतेही असो, सहवीजनिर्मितीला प्रोत्साहन मिळालेच पाहिजे आणि अशा उत्पादकावर अपारंपरिक वीज खरेदीचे बंधन लादता येणार नाही. डिसेंबर २०१३ मध्ये लॉइड्स मेटल्सच्या प्रकरणात त्याच न्यायाधिकरणाने मर्यादा आखली: कोळशावरील सहवीज घेण्याची सक्ती वितरण कंपन्यांवर या बंधनापोटी करता येणार नाही. पहिला निर्णय उष्णतेच्या बचतीकडे पाहतो, दुसरा इंधनाच्या जातीकडे. दोन्ही दृष्टी समर्थनीय आहेत, पण त्या एक नव्हेत.

रायगड जिल्ह्यातच उरणच्या वायू विद्युत केंद्रात टर्बाईनमधून निघणाऱ्या तप्त वायूंवर वाफ करून १९९४ पासून १२० मेगावॉटचे दोन संच चालवले गेले. तेथे वाया जाणाऱ्या उष्णतेची पुन्हा वीजच होते, ती कोणाच्या पात्राखाली जात नाही. म्हणून त्यास सहवीजनिर्मिती म्हणता येत नाही.

महाडच्या औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणचा प्रश्न याहून वेगळा आहे. रसायने, रंगद्रव्ये आणि औषधद्रव्ये बनवणाऱ्या कारखान्यांना वीज आणि वाफ दोन्ही लागतात. तथापि लहान घटकाचे काम घाण्या-घाण्यांनी चालते. वाफेची मागणी तासागणिक चढते-उतरते आणि तेवढ्यासाठी स्वतंत्र टर्बाईन परवडत नाही. अनेक घटकांनी मिळून एक बॉयलरगृह चालवणे हा त्यावरचा तांत्रिक मार्ग आहे. भिऱ्याची वीज शंभराहून अधिक किलोमीटर दूर मुंबईला नेता आली. वाफ मात्र थोड्या अंतरातच निवते, तेव्हा ती शेजाऱ्यालाच देता येते. आणि शेजारी स्पर्धकही असतो. एक घटक अचानक बंद पडला तर उरलेल्या वाफेचा खर्च कोणी सोसायचा, हे करारात लिहावे लागते. सामायिक बंदिस्त वीजप्रकल्पासाठी वीज नियम २००५ मध्ये २६ टक्के मालकी आणि ५१ टक्के वापर अशी स्पष्ट अट आहे. ती अट विजेच्या युनिटांत मोजली जाते. वाफेच्या वाटणीचा विचार त्या नियमात नाही.