धावणारी पावले आणि लिहिणारा हात

धागा : मराठी मुलखातील दमसासाची नोंद कोणी ठेवली?

कोल्हापूर जिल्ह्यातील कोडोली हे गाव पन्हाळा तालुक्यात येते. याच तालुक्यातील पन्हाळगडावरून जुलै १६६० मध्ये, भर पावसाळ्यात, शिवाजी महाराज सिद्दी जौहरचा वेढा भेदून विशाळगडाकडे निघाले. चिखल, ओढे आणि खिंडी ओलांडत सुमारे साठ किलोमीटरची वाट तुडवली गेली. बाजीप्रभूंचे नाव प्रत्येकाच्या मुखी आहे. महाराजांची पालखी खांद्यावर घेऊन धावलेल्या भोयांपैकी कोणाचे नाव सांगता येईल? बखरकारांची दृष्टी तलवारीवर होती, पावलांवर नव्हती.

२६० वर्षांनंतरही चित्र फारसे पालटले नव्हते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत शेतकरी तरुण अनवाणी धावत. त्यांना आधुनिक नियमांचा गंध नव्हता, पण त्यांचा वेग युरोपीय धावपटूंच्या तोडीचा होता. हे आपल्याला कळते ते सर दोराबजी टाटांच्या १९२९ मधील एका पत्रामुळे. धावपटूंची साक्ष उद्योगपतीच्या पत्रात सापडावी, हेही बोलकेच!

टाटांच्या पुढाकाराने १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी चार धावपटू आणि दोन मल्ल रवाना झाले. त्यांपैकी बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये उतरले. त्या वर्षी ही शर्यत ४२.७५ किलोमीटरची, म्हणजे आजच्यापेक्षाही लांब होती. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पोहोचले आणि एकोणिसावे आले. विजेता फिनलंडचा हॅनेस कोलेहमाइनेन त्यांच्यापुढे अवघी अठरा मिनिटे होता. आज हौसेने मॅरेथॉन धावणाऱ्यांनी स्वतःची वेळ या आकड्याशी ताडून पाहावी.

पण आकड्यातून निकाल कळतो, रियाज कळत नाही. मेहनत कशी करावी, दम कसा वाढवावा, हे ज्ञान तालमीत वस्तादाकडून शिष्याकडे तोंडी जात असे. वस्ताद गेला की त्यातले बरेचसे त्याच्याबरोबर जाई.

हे ज्ञान छापील पानावर आणण्याचा ध्यास बडोद्याच्या दत्तात्रेय चिंतामण मुजुमदार यांनी घेतला. ते ‘व्यायाम’ मासिकाचे संपादक. व्यायाम हाच ज्याच्या पत्रकारितेचा विषय, असा संपादक त्या काळी विरळाच. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात आखाडा आणि छापखाना दोहोंना आश्रय होता, हे त्यांचे भाग्य. मासिकाचा अंक महिनाभर वाचला जातो आणि रद्दीत जातो. मुजुमदार तेवढ्यावर थांबले नाहीत. १९३६ ते १९४९ या काळात त्यांनी ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड मराठीत सिद्ध केले. महायुद्धाची वर्षेही यातच आली. कुस्ती, मल्लखांब, दंड-बैठका, लाठी यांच्या कृती त्यांत चित्रांसह उलगडल्या आहेत.

कोशाचा ओढा आखाड्याकडे आहे. लांब पल्ल्याच्या धावपटूला त्यात मल्लाइतका मान नाही. तरीही शरीराची मेहनत हा दहा खंडांचा विषय होऊ शकतो, हे मराठीत त्यांनीच दाखवले. १९५० मध्ये त्यांनी या साऱ्याचा एकखंडी इंग्रजी कोशही प्रसिद्ध केला, आणि तालमीतली ही विद्या मराठी न जाणणाऱ्या वाचकाच्या हाती गेली.