उल्केची शीळ

गुरुग्रामच्या दिव्यांनी उजळलेल्या आकाशात तुटता तारा क्वचितच दिसतो. पण डोळ्यांना न दिसणारी उल्का कानांना ऐकू येते, याचा प्रत्यय शेजारच्या दिल्लीत पूर्वीच आला होता. केंद्राची लघुलहर ऐकताना मधूनच शीळ उमटे आणि स्वर उतरत विरून जाई. चमनलाल व वेंकटरामन या रेडिओ-अभियंत्यांनी तिचा माग काढला आणि १९४१ साली बंगळूरच्या ‘इलेक्ट्रोटेक्निक्स’मध्ये तिचे मूळ सांगितले. सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर जळणाऱ्या उल्केवरून परतलेली लहर थेट आलेल्या लहरीत मिसळते आणि शीळ उमटते. उल्केच्या गतीबरोबर तिचा स्वर बदलतो. ज्याला गोंगाट म्हणून टाकून द्यावे, तेच निरीक्षणाचे साधन ठरले. ढगाळ रात्री, भर दिवसाही उल्का मोजण्यास हौशी निरीक्षकाला आज पुरते ते एवढेच: आकाशतार, रेडिओ आणि जागा कान.