बास्केटबॉलमधील चेंडूचें रक्षण



खेळाचे नियम पुस्तकांत लिहिले जातात; खेळांतील कौशल्यें मात्र पुष्कळदां अडचणींतून जन्मास येतात. चेंडूचे टप्पे मारीत पुढें जाणें आणि तसें करतांना तो प्रतिस्पर्ध्याच्या हातीं लागूं न देणें, म्हणजेच ड्रिबलिंग, हें याचें उत्तम उदाहरण होय.

१८९१ सालच्या डिसेंबरमध्यें अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें, वाय. एम. सी. ए.च्या शिक्षणसंस्थेंत, जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें बास्केटबॉल रचला. हिवाळ्यांत बंद दालनांत खेळतां यावें आणि फुटबॉलमधील धसमुसळेपणा टळावा, हे त्याचे हेतु होते. त्याच्या तेरा नियमांपैकीं एकानें चेंडू घेऊन पळण्यास मनाई केली. चेंडू जेथें झेलला तेथूनच फेकावयाचा. दुसऱ्यानें खांदा मारणें, धरणें, ढकलणें व पाय घालून पाडणें निषिद्ध ठरविलें. चेंडूवाला पळत नाहीं, तर त्यास पाडण्याचेंही कारण नाहीं, असा हा सरळ हिशेब होता.

परंतु या हिशेबांत एक मनुष्य अडकला. हातीं चेंडू आहे, समोर प्रतिस्पर्धी हात पसरून उभा आहे, सोबत्यांपैकीं कोणीही मोकळा नाहीं. अशानें करावें काय? एकच वाट उरली. चेंडू हातांतून सोडावयाचा, पण असा कीं तो पुन्हां आपणांसच मिळावा. कोणी तो जमिनीवरून घरंगळत सोडी, कोणी टप्पा मारून मागोमाग धावे, कोणी डोक्यावर उडवून पुन्हां झेली. ड्रिबलिंगचा उगम आक्रमणांत नसून असा बचावांत आहे, हें स्वतः नेस्मिथनेंच पुढें नमूद केलें आहे.

नियमकर्त्यांनीं या नव्या युक्तीकडे प्रथम साशंकतेनें पाहिलें. १८९८ सालीं दोन्ही हातांनीं वारंवार टप्पे मारण्यास बंदी झाली. टप्पे मारीत आलेल्या खेळाडूस स्वतः टोपलींत चेंडू टाकण्याची मुभा १९०८ सालीं मिळाली. स्त्रियांच्या खेळाची वाट निराळी होती. स्मिथ कॉलेजांत तो १८९२ सालीं सुरू करणाऱ्या सेंडा बेरेन्सन यांच्या १८९९ च्या नियमांत हातांतील चेंडू हिसकावण्यास बंदी होती, आणि टप्पेही तीनच ठेवले होते. तेथें चेंडूचें रक्षण नियमच करीत. खेळणारीस तें शिकण्याची गरजही नव्हती आणि संधीही नव्हती. अमेरिकेंत स्त्रियांना अमर्याद टप्प्यांची मोकळीक मिळण्यास १९६६ साल उजाडलें.

पुरुषांच्या खेळांत हें रक्षण खेळाडूच्या अंगीं आलें. गुडघे वांकवून चेंडू बुटका ठेवावयाचा. प्रतिस्पर्ध्यापासून दूरच्या हातानें टप्पा मारावयाचा. मध्यें आपल्या शरीराचा आडोसा करावयाचा. आणि नजर चेंडूवर न ठेवतां मैदानावर ठेवावयाची. मोकळा हात आड धरतां येतो, पण त्यानें ढकलतां येत नाहीं. आडोसा आणि धक्का यांतील ही सीमारेषा हाच या कलेचा गाभा होय.

ही रेषा कोठें असावी, यावर १९२७ सालीं मोठा वाद झाला. विस्कॉन्सिनचे प्रशिक्षक वॉल्टर मीनवेल यांच्या पुढाकारानें नियमसमितीनें ड्रिबलला एकाच टप्प्याची मर्यादा घातली. चेंडू परस्परांस देणें हेंच खेळाचें खरें स्वरूप, असा त्या पक्षाचा विचार होता. कॅन्ससचे फॉग ॲलन, नेस्मिथचेच एक शिष्य, विरोधास उभे राहिले. त्या चळवळींतून प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना जन्मली आणि निर्णय मागें घेण्यांत आला. मात्र १९२८-२९ पासून, टप्पे मारीत प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर जाणाऱ्यालाही दोष लागूं लागला. स्वातंत्र्य राहिलें, त्याची जबाबदारीही आली.

या कलेचें मोल तिच्या अभावींच अधिक कळतें. १९३६ सालच्या बर्लिन ऑलिंपिकमध्यें अंतिम सामना उघड्या मैदानावर, भर पावसांत झाला. चिखलांत चेंडू उसळेना; टप्पे मारणें जवळजवळ अशक्य झालें. अमेरिकेनें कॅनडावर १९ विरुद्ध ८ असा विजय मिळविला. नेस्मिथ त्या स्पर्धेस उपस्थित होते.

कोंडलेल्या खेळाडूस नियमानें वाट दिली नव्हती. ती त्यानें स्वतः शोधली. नियमानें नंतर इतकेंच पाहिलें कीं, त्याची वाट दुसऱ्यास तुडवून जाऊं नये. आजही चेंडू राखणारा प्रत्येक खेळाडू या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं सांभाळीत असतो.