मुक्या प्राण्यांची साक्ष

मुंबईत १८९६ साली प्लेगने थैमान घातले, तेव्हा डॉ. हाफकिन यांनी आपली लस प्रथम सशांस टोचली व नंतर १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःस टोचून घेतली. आधी मुका प्राणी आणि मागाहून मनुष्य, असा तो क्रम होता. परंतु जे औषध महिनोन्‌महिने घ्यावयाचे, त्याच्या बाबतीत सशाची साक्ष पुरी पडत नाही. कारण विषाणूस मारीत असताना ते शरीराच्या चयापचयाची कोणती हानी करीत आहे, हे फार सावकाश उघडकीस येते.

१९९३ साली अमेरिकेत कावीळ-ब या रोगावर फियालुरिडिन नावाचे औषध १५ रुग्णांस देण्यात आले. उंदीर, कुत्रे, माकडे यांनी त्यास निर्दोष ठरविले होते. काही आठवड्यांनी ७ रुग्णांची यकृते निकामी झाली; ५ दगावले, दोघे यकृतारोपणामुळे वाचले. पेशींत अन्नापासून शक्ती निर्माण करणाऱ्या ज्या तंतुकणिका असतात, त्यांत हे औषध मनुष्याच्या ठायी शिरते. उंदराच्या ठायी ते द्वारच नाही. उंदीर खोटे बोलला नाही. त्याला विचारलेला प्रश्नच त्याच्या देहाला लागू नव्हता. पुढे खारीच्या कुळातील वुडचक या प्राण्यास तेच औषध दीर्घकाळ दिले, तेव्हा विषबाधा दिसली. आणि २०१४ साली मानवी यकृतपेशी रुजविलेल्या उंदरांतही ती दिसली. साक्षीदार मिळाला खरा, पण निकालानंतर!

आपल्या घरची गोष्ट स्टाव्ह्युडिनची. एड्सवरील तीन औषधांचा मेळ मुंबईच्या सिप्ला कंपनीने २००१ साली दिवसाला एका डॉलरहूनही कमी किमतीत देऊ केला. त्यात हे एक होते. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत उपचार सुरू केले, त्यांतही ते होते. त्याने असंख्य जीव वाचविले, हे दोष देताना विसरता कामा नये. तथापि तेही तंतुकणिकांवरच घाला घाली. क्वचित रक्तात दुग्धाम्ल साठून प्राणावर बेते. पुष्कळदा हातापायांची व गालांची चरबी झडे. उंदरांवरील प्रयोगांत तंतुकणिकांची झीज मोजता आली, पण उंदराच्या गालांकडे पाहून कोण काय ओळखणार? मनुष्याचे तसे नाही. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यातील खेड्यात कोण कशासाठी दवाखान्यात जातो हे फार दिवस लपत नाही. तेथे खप्पड गाल म्हणजे रोगाची दवंडीच. जी गोळी घेऊन माणूस पुन्हा शेतावर जाऊ लागला, तिनेच त्याचे गुपित चव्हाट्यावर आणावे, ही यातना कोणत्या पिंजऱ्यात मोजावयाची?

२००९ साली जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा सल्ला दिला. त्यानंतर भारतातही ते मागे पडले. औषध बदलले की झीज थांबते. गेलेली चरबी मात्र फार हळू व बहुधा अर्धीमुर्धीच परतते.