शरीराची धास्ती आणि तिचे उपचार : देवगाव रंगारीच्या परिसरातील एक दुर्लक्षित इतिहास

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी या गावाच्या नावात रंगाऱ्यांचा व्यवसाय कायमचा कोरला गेला आहे. मात्र अशा गावांतील माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या, आणि गावाच्या नावात, दप्तरात वा गॅझेटियरात कोठेही खूण न ठेवलेल्या एका दुखण्याचाही इतिहास आहे. मराठीत ज्याला मंत्रचळ आणि दवाखान्यात ज्याला ओसीडी म्हणतात, त्या विकारात नकोसा विचार मनात पुन्हा पुन्हा घुसतो, त्यामुळे असह्य अस्वस्थता निर्माण होते, आणि ती शमवण्यासाठी माणूस एखादी कृती वारंवार करत राहतो. हात धुण्याचा किंवा कुलूप तपासण्याचा मंत्रचळ सर्वांच्या परिचयाचा असतो, कारण तो डोळ्यांना दिसतो. परंतु याच विकाराचा एक प्रकार असा आहे की ज्यात सारे लक्ष स्वतःच्या शरीरावर खिळून राहते. छातीतील धडधड, श्वासाची लय, घशातील आवंढा, पापण्यांची उघडझाप, हातापायांना येणाऱ्या मुंग्या यांपैकी एखादी संवेदना माणसाच्या ध्यानात येते, ती आता कधीच ध्यानातून जाणार नाही किंवा ती जिवावरच्या आजाराची खूण आहे असे त्याला वाटते, आणि मग नाडी मोजणे, रक्तदाब तपासणे, घरच्यांना ‘मला काही होणार नाही ना?’ असे विचारत राहणे हाच त्याचा दिनक्रम होऊन बसतो.

या दुखण्याचा विशेष असा की त्यातील संवेदना खोट्या नसतात. धडधड खरोखरच होत असते, कारण भीतीने हृदयाचे ठोके वाढतात, वाढलेल्या ठोक्यांनी भीती वाढते, आणि वाढलेली भीती ठोक्यांना आणखी गती देते. त्यामुळे रुग्ण मनाच्या वैद्याकडे न जाता शरीराच्या वैद्याकडे, आणि तेथे समाधान न झाल्यास देवाच्या दारी जातो. मराठवाड्यातील या रुग्णांचा इतिहास पाहिला, तर प्रत्येक काळाने त्यांना दिलासा दिला, पण दिलासा हेच या आजाराचे खाद्य असल्याचे ध्यानात येण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला, आणि ते ज्ञान या प्रदेशात पोचण्यास त्याहूनही उशीर झाला, असे दिसते.

देवगावापासून वेरूळ आणि खुलताबाद ही ठिकाणे फार दूर नाहीत, आणि मनाच्या दुखण्यावरील जुन्या उपायांचा जवळजवळ सगळा पट त्या टापूत सापडतो. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींचा वेरुळास मुक्काम होता, आणि त्यांनी स्थापन केलेल्या महानुभाव पंथाच्या काही स्थानांवर मनोविकाराने पीडित माणसांना आणून ठेवण्याची रीत पुढे दीर्घकाळ टिकली. व्हिएदा स्कल्टन्स या मानववंशशास्त्रज्ञ संशोधिकेने महाराष्ट्रातील अशा एका महानुभाव मंदिराचा अभ्यास करून १९८७ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला, तेव्हा रुग्णाबरोबर त्याची आई किंवा पत्नीही तेथे राहते आणि घरच्याचे दुखणे आपल्या अंगावर यावे या भावनेने त्या स्त्रियाच अंगात येण्याच्या अवस्थेत जातात, असे तिला आढळले. खुलताबादेत एकीकडे सूफी संतांचे दर्गे, तर दुसरीकडे भद्रा मारुतीचे देवस्थान आहे. आणि त्याहून लांब, बुलढाणा जिल्ह्यातील सैलानी बाबांचा दर्गा तर बाहेरच्या बाधेवरील उपायासाठी साऱ्या मराठवाडा-विदर्भात प्रसिद्ध आहे. गावातल्या गावात देवऋषी असे, जो अंगारा लावी, गंडा बांधी, उतारा टाकी आणि करणी कोणी केली हेही सांगे. या शेवटच्या गोष्टीने किती घरांत वैर पेटले आणि किती निरपराध स्त्रियांना चेटकीण ठरवून छळले गेले, हे विसरून या परंपरेविषयी हळवे होता येत नाही. पण ज्या काळी दुसरे कोणीच दुःख ऐकून घेत नव्हते, त्या काळी तेथे निदान ते ऐकले जात होते, हेही नमूद करणे इतिहासकाराचे कर्तव्य आहे.

शास्त्रीय वैद्यकाच्या दोन परंपरांनीही या दुखण्याची दखल घेतली होती. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात अपस्माराच्या अध्यायाच्या शेवटी ‘अतत्त्वाभिनिवेश’ नावाचा महाव्याधी वर्णिला आहे. रज आणि तम यांनी मन झाकोळून गेल्यामुळे हितकारक काय आणि अहितकारक काय याचा निवाडा उलटा होतो, असे त्याचे स्वरूप सांगितले असून, औषधांच्या जोडीला जिवलग आणि विश्वासू माणसांनी रुग्णाला ज्ञान, धैर्य आणि मनाची स्थिरता मिळवून द्यावी, असा उपाय सुचवला आहे. आजच्या ओसीडीशी या व्याधीची तंतोतंत बरोबरी करणे हा उत्साहाचा अतिरेक होईल, तरी धैर्याला औषधांच्या पंक्तीत बसवणारी ही दृष्टी मोलाची आहे. निजामी राजवटीत मराठवाड्यात जी युनानी चिकित्सा रुजली होती, तिने तर शरीराच्या धास्तीचे अधिक नेमके वर्णन केले होते. हृदयाच्या धडधडीला हकीम ‘खफकान’ म्हणत, आणि पोटातून उठणाऱ्या वाफा मेंदूपर्यंत चढल्याने जी खिन्नता व आजाराची भीती येते, तिला ‘मालीखोलिया मराकी’ असे नाव होते. आजही या भागातील रुग्ण पोटातला गॅस वर चढून छातीत आणि डोक्यात जातो अशी तक्रार डॉक्टरांपुढे करतात, तेव्हा त्या तक्रारीत या जुन्या वैद्यकाचा प्रतिध्वनी असावा, असे मानण्यास जागा आहे.

आधुनिक मनोरुग्णालयांच्या बाबतीत मात्र मराठवाड्याच्या वाट्याला एक विचित्र दैव आले. ब्रिटिश अमलाखालील मुलखात नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि येरवडा येथे वेड्यांची इस्पितळे उभी राहिली, आणि स्वातंत्र्यानंतर तीच महाराष्ट्र शासनाची चार प्रादेशिक मनोरुग्णालये झाली. हैदराबाद संस्थानाचे मनोरुग्णालय मात्र जालन्यात होते, आणि जालना त्या वेळी औरंगाबाद (आताच्या छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्याचाच भाग होता, म्हणजे देवगावच्या माणसाच्या दृष्टीने ते आपल्याच जिल्ह्यात होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाल्यावर १९५० च्या दशकाच्या आरंभी ते रुग्णालय हैदराबाद शहराच्या एर्रागड्डा भागात हलवण्यात आले. आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, तेव्हा रुग्णालय सीमेच्या पलीकडे आणि रुग्ण अलीकडे अशी स्थिती झाली. ज्या प्रदेशाने संस्थानभरातील मनोरुग्णांना जागा दिली, त्याच प्रदेशाला पुढील दशकांत असे एकही प्रादेशिक रुग्णालय लाभले नाही, हा प्रादेशिक अनुशेषाच्या चर्चेत क्वचितच उच्चारला जाणारा अन्याय आहे. अर्थात त्या काळच्या भिंतीआड कोंडणाऱ्या इस्पितळाचा शरीराच्या धास्तीने ग्रासलेल्या माणसाला उपयोग झाला नसता, कारण तो शुद्धीवर असतो, संसार करतो, शेत पाहतो आणि आतल्या आत झिजतो. त्याला गरज होती ती सर्वसाधारण रुग्णालयातील मनोविकार विभागाची. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात असा बाह्यरुग्ण विभाग १९३८ मध्ये डॉ. के. के. मसानी यांनी सुरू केला होता. औरंगाबादेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये निघाले, आणि ज्या रुग्णालयाला सारा मराठवाडा ‘घाटी’ म्हणून ओळखतो, तेथपर्यंत खेड्यातील माणूस पोचू लागला.

दरम्यानच्या काळात जगाच्या इतर भागांत या दुखण्याविषयीची समज बदलत होती. अमेरिकन यादवी युद्धातील सैनिकांना येणारी छातीतील कळ आणि धडधड तपासून जेकब दा कोस्टा यांनी १८७१ मध्ये ‘चिडखोर हृदया’चे वर्णन केले, तेव्हा अशा रुग्णांपैकी पुष्कळांच्या हृदयात बिघाड सापडत नाही, हे प्रथमच ठळकपणे पुढे आले. भारतात डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये धातू जाण्याच्या भीतीने खंगणाऱ्या तरुणांच्या विकाराला वैद्यकीय नाव दिले. खरे वळण मात्र १९६६ मध्ये आले. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातील व्हिक्टर मेयर यांनी वर्षानुवर्षे मंत्रचळाने ग्रासलेल्या दोन रुग्णांना ज्या गोष्टींची भीती वाटे त्यांच्याशी सामना करायला लावले, आणि त्यानंतर भीती शमवणारी नेहमीची कृती त्यांना करूच दिली नाही. परिचारिका त्यांच्यावर सतत लक्ष ठेवत. तोवर असाध्य मानलेल्या या रुग्णांत मोठी सुधारणा झाली. या पद्धतीला पुढे सामना आणि प्रतिसाद-प्रतिबंध असे स्वरूप आले, आणि तिचे इंग्रजी लघुरूप ‘ईआरपी’ आज सर्वत्र रूढ आहे.

शरीराच्या धास्तीला ही पद्धत लावताना सामना करायचा असतो तो स्वतःच्याच देहाशी. ठोक्यांची भीती असेल तर प्रशिक्षित उपचारक रुग्णाला जागच्या जागी पळायला किंवा जिना चढायला लावतो, ठोके मुद्दाम वाढू देतो, आणि त्यानंतर नाडीवर बोट ठेवू देत नाही. श्वासाचे भान सुटत नसेल तर ते झटकण्याचा खटाटोप थांबवून, भान असेल तर असो, अशा रीतीने कामाला लागण्याचा सराव करून घेतो. घरच्या माणसांनाही शिकावे लागते, कारण ‘काही होत नाही रे तुला’ हे मायेने उच्चारलेले वाक्य रुग्णाला घटकाभर निवांत करते, आणि त्याच निवांतपणामुळे तासाभराने तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो. ताईत आणि ईसीजी यांत शास्त्राच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर असले, तरी या रुग्णाच्या मनात दोहोंचे कार्य सारखेच होते. एकदा नीट तपासणी होणे आवश्यकच आहे. पाचव्या डॉक्टरकडे केलेला पाचवा ईसीजी मात्र निदानाचे साधन उरत नाही, तो आजाराचे लक्षण बनतो. औषधांचाही आधार असतो. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन आणि जुने क्लोमिप्रामिन ही औषधे ओसीडीत उपयोगी ठरतात, पण त्यांचा गुण दिसण्यास आठ ते बारा आठवडे लागू शकतात आणि मात्राही पुष्कळदा नैराश्याच्या रुग्णाहून अधिक लागते. हे आधी न समजावल्यामुळे पंधरा दिवसांत गोळ्या बंद करून पुन्हा देवऋषीकडे वळण्याची वेळ येते. बरे होणे म्हणजे धडधड कायमची नाहीशी होणे असेही नाही. धडधड होते, तिची दखल घेतली जाते, आणि हातातले काम चालू राहते. वाईट दिवस अधूनमधून येतात, तेव्हा शिकलेले पुन्हा वापरावे लागते.

गोळ्यांपलीकडे जाऊन मनाला सरावाने घडवण्याचा हा विचार मराठी भूमीत अगदीच परका नव्हता. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. एन. एस. वाहिया यांनी विनेकर आणि दिनशा डुंगाजी यांच्यासह पतंजलीच्या योगसूत्रांतील संकल्पनांवर आधारलेल्या उपचारांविषयी १९६६ मध्येच ब्रिटिश मनोविकार नियतकालिकात लिहिले होते. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती किशोर फडके यांनी भारतात आणली आणि मराठी वाचकांपर्यंत पोचवली; ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापन केलेल्या आय. पी. एच. संस्थेने मनाच्या आरोग्याची भाषा घराघरांत रुजवली. परंतु या साऱ्या प्रयत्नांचे केंद्र मुंबई, ठाणे आणि पुणे हेच राहिले. गोळी एसटीने खेड्यात जाते. आठवड्यातून एकदा रुग्णासमोर तासभर बसणारा प्रशिक्षित माणूस तसा जात नाही, आणि कन्नडसारख्या तालुक्यातील रुग्णाची खरी अडचण आज तीच आहे.

शासनाने पावले उचलली नाहीत असे म्हणता येत नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आणि त्याचा जिल्हा पातळीवरील विस्तार १९९६ मध्ये सुरू झाला. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्याने मराठवाडा-विदर्भातील १४ जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प आखला, ज्यात आशा कार्यकर्त्यांवर गावातील खचलेली माणसे ओळखण्याचे काम सोपवले गेले. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा नागरिकाचा हक्क ठरवला. तथापि २०१५-१६ च्या ज्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात ओसीडीचे प्रमाण प्रौढ लोकसंख्येच्या सुमारे ०.८ टक्के आढळले, त्या सर्वेक्षणाच्या १२ राज्यांत महाराष्ट्राचा समावेशच नव्हता. हेच प्रमाण गृहीत धरले तरी हजार प्रौढांमागे आठ माणसे होतात, आणि देवगावसारख्या मोठ्या गावात ती नक्कीच आहेत. त्यांपैकी कोणी छातीवर हात ठेवून जगतो, कोणी दर महिन्याला नवा डॉक्टर गाठतो, कोणाच्या दंडात तीन ताईत आहेत.

ग्रामीण रुग्णालयांतील समुपदेशकांना सामना आणि प्रतिसाद-प्रतिबंधाचे प्रशिक्षण मराठीतून देणे, आणि घाटीतील मनोविकार विभागाने ते पुरवणे, हे आजच्या साधनांत होण्याजोगे काम आहे, आणि मराठवाड्याच्या लोकप्रतिनिधींनी ते मागून घेतले पाहिजे. तोवर ज्या घरात असा रुग्ण असेल, त्यांनी एकदा सर्व शारीरिक तपासण्या करून घ्याव्यात, त्या निर्दोष आल्यास १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेली-मानस या शासकीय सेवेला १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य दूरध्वनी करावा, आणि मानसोपचारतज्ज्ञ भेटल्यावर गोळ्यांबरोबर ईआरपी मिळेल का, हा प्रश्न न संकोचता विचारावा.